व्ल्कोलीनेत्स : लांडग्यांच्या नांवाचें एक गांव

युरोपचें नांव निघालें कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें लंडन, पॅरिस, व्हिएन्ना अशीं मोठालीं शहरें उभीं राहतात. त्या खंडांतील खेड्यांचा परिचय मात्र आपणांस फारच थोडा. म्हणून आज आम्ही स्लोव्हाकिया देशांतील एका अगदीं लहान खेड्याची हकीकत देत आहों. व्ल्कोलीनेत्स हें त्याचें नांव. उच्चारावयास तें अवघड खरें. पण त्याच्या पोटांत असलेला 'व्ल्क' हा शब्द आपणांस परका नाहीं. स्लोव्हाक भाषेंत व्ल्क म्हणजे लांडगा. आपला संस्कृत 'वृक' तो हाच. भीमसेनास वृकोदर म्हणणाऱ्यांनीं या दूरच्या भाऊबंदास ओळख द्यावयास हरकत नाहीं. घराला हे लोक 'दोम' म्हणतात. वेदांतहि 'दम' म्हणजे घरच, आणि आपल्या 'दंपती' शब्दांत तें अजून नांदतें आहे.

लिप्तोव नामक प्रांतांत वाह नदीच्या कांठीं रुझोंबेरोक हें शहर आहे. तेथून डोंगराची चढण लागते. वेल्का फात्रा पर्वतांतील सिदोरोवो हें शिखर १०९९ मीटर उंच असून, त्याच्या उतारावर सुमारें ७१८ मीटर उंचीवर हें गांव वसलें आहे. रस्ता गांवाशीं येऊन थांबतो. पुढें कुरणें आणि अरण्य. वाटसरूंची व व्यापाऱ्यांची वर्दळ येथें कधीं झाली नाहीं, आणि गांवाचें जुनें रूप टिकलें त्याचें एक कारण, आमच्या मतें, हेंच होय.

लेखी कागदांत या गांवाचा पहिला उल्लेख १३७६ सालचा आहे. तेव्हां व पुढें १९१८ पर्यंत हा सर्व मुलूख हंगेरीच्या राज्यांत होता. राजे बदलले, सरकारें बदललीं. येथील कुणब्यानें जमीन कसावी, मेंढ्या राखाव्या, लांकूड तोडावें, मधमाशा पाळाव्या, हा क्रम चालूच राहिला. गांवाभोंवतीं उतारावर शेतांच्या अरुंद पट्ट्या दिसतात. त्या देशांत बापाची जमीन सर्व मुलांत वांटण्याची चाल होती; तेव्हां पिढीगणिक पट्टी निरुंद होत गेली. वांटणीचें हें दुखणें आपल्या वाचकांस निराळें समजावून सांगावयास नको.

घरें मात्र पाहण्यासारखीं आहेत. दगडी जोत्यावर आडवे ओंडके रचून भिंती उभारावयाच्या, त्यांवर माती लिंपावयाची, आणि वरून चुन्याची सफेदी किंवा निळा वगैरे रंग द्यावयाचा. छपरें उतरतीं, लांकडी फळक्यांचीं. घराची अरुंद बाजू रस्त्याकडे. आंत शिरतांच ओटीसारखी एक खोली, पुढच्या अंगास राहण्याची मोठी खोली आणि मागें धान्याची कोठी. गोठा व गवताची वखार घराच्या पाठीमागें. गांवाच्या मधून पाटानें ओढ्याचें पाणी खेळतें. १७७० सालचा लांकडी घंटाघर-मनोरा, १८६० सालची ओंडक्यांनीं बांधलेली विहीर आणि १८७५ सालचें कुमारी मेरीचें देऊळ, एवढींच काय तीं सार्वजनिक बांधकामें.

या शांत गांवावरहि महायुद्धाचा घाला आलाच. ऑगस्ट १९४४ मध्यें स्लोव्हाक लोकांनीं जर्मनांविरुद्ध उठाव केला. त्या धामधुमींत जर्मन सैनिकांनीं गांवाचा एक भाग जाळला. लांकडी घराला आग लावावयास वेळ तो किती? पुढें तरुण मंडळी कामधंद्यासाठीं खालीं शहराकडे गेली. रुझोंबेरोकांत कागदाच्या व कापडाच्या गिरण्या. नियमित पगार सोडून डोंगराची पट्टी नांगरावयास कोण राहणार?

१९७७ मध्यें सरकारनें गांव संरक्षित ठरविलें. १९९३ च्या आरंभीं स्लोव्हाकिया स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षीं युनेस्कोनें जागतिक वारशाच्या यादींत हें नांव घातलें. शेंकडों वर्षांचें हें खेडें नव्या राष्ट्राचें भूषण ठरलें. पंचेचाळीस घरांचा हा जुना समूह जवळजवळ अखंड राहिला, हें त्याचें मुख्य कारण.

पण घरें राहिलीं, माणसें आटलीं. कायमची वस्ती आतां विसांच्या आसपासच आहे. बरींच घरें सुटीपुरतीं उघडतात, आणि एका घरांत जुन्या संसाराच्या वस्तूंचें संग्रहालय आहे. उलट दरसाल येणारे प्रवासी हजारोंनीं मोजावे लागतात. कोणी परसांत शिरतो, कोणी खिडकींतून आंत डोकावतो. आंतली म्हातारी जेवत आहे कीं निजली आहे याचें भान कोणास? नवीन खिडकी बसवावयाची किंवा छप्पर शाकारावयाचें तर जुन्या पद्धतीबाहेर जाण्यास मोकळीक नाहीं. कांहीं रहिवाशांनीं तर उघडपणें म्हटलें आहे कीं यादींतून आमचें नांव काढलें तरच बरें. यांत कृतघ्नपणा आहे असें आम्हांस वाटत नाहीं. पाहुण्यांच्या पैशांवर दुरुस्त्या होतात हें खरें; पण ज्या अंगणांत आपण कपडे वाळत घालतों त्याचेंच प्रदर्शन झालें, तर सकाळीं दार उघडतांना माणूस क्षणभर थबकणारच.