गोदेकाठची शेपटी

वानर जमिनीवरून चालत निघालं, की आधी त्याची शेपटी बघावी. अंगापेक्षा लांब आणि ऐटीत उचललेली. ती पाठीवरून डोक्याकडे वळते की मागच्या बाजूला झुकते, यावरून ते कुठल्या मुलुखातलं हे सांगता येतं, असं प्राणिशास्त्रज्ञ मिठनलाल रूणवाल यांनी दाखवलं. उत्तरेकडच्या वानरांची शेपटी डोक्याकडे वळते, दक्षिणेकडच्यांची मागे. या दोन तऱ्हांमधली ढोबळ सीमा तापी आणि गोदावरी! हे वाचल्यापासून नांदेडच्या पुलावर आलो की माझी नजर दोन्ही तीरांवर जाते. वर किनवट-माहूरचे सागवानी डोंगर, खाली मांजरेच्या खोऱ्यातलं लातूर. एकाच काळ्या तोंडाच्या प्राण्याच्या अंगावर ही नदी उमटावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

लालतोंड्या माकडांचंही असंच. उत्तरेतल्या ऱ्हीसस माकडाची शेपटी धडाच्या निम्मी, तर डोक्यावर केसांची टोपी असलेल्या आपल्या दख्खनी माकडाची जवळजवळ धडाइतकी. थंड मुलखात शेपटी-कान आखूड असलेले बरे, कारण अंगातली ऊब तिथूनच निसटते. आता ऱ्हीसस दक्षिणेकडे सरकत चाललं आहे आणि टोपीवाल्याची जागा आक्रसते आहे, असं 2011 साली संशोधकांनी नोंदवून ठेवलं.

पण माझा जीव वानरात. त्याचं पोट म्हणजे एक नवलच आहे. निबर पाला आपल्याला पचत नाही, माकडालाही फारसा नाही. माकड गालांच्या थैल्यांत फळं-दाणे कोंबतं आणि निवांत जागी जाऊन खातं. वानराच्या गालात थैली नाही. त्याचा सगळा कारभार पोटात. जठराचे कप्पे पडलेले, पुढच्या कप्प्यात असंख्य सूक्ष्मजीव. रात्रभर मडक्यात आंबील आंबते तसा तिथे पाला आंबतो, त्याचे चिवट धागे फुटतात आणि काही झाडांनी पानांत साठवलेलं विषही निवतं. म्हणून दुपारच्या वेळी वानरं फांदीवर नुसती बसून असतात. त्यांना आळशी म्हणू नये, पोटात काम चालू असतं. पोळ्या-बिस्किटांसाठी हे पोट घडलेलंच नाही. शनिवारी मारुतीच्या पारावर श्रद्धेने ती टाकणाऱ्यांना मी हात जोडून हेच सांगत असतो.

हातही बघण्यासारखा. आंगठा आखूड, चार बोटं लांबसडक. फांदीवर बोटं अडकवायची आणि निघायचं, आंगठ्याची अडचण नको. ढुंगणावर जन्मजात घट्टे, त्यामुळे रात्र फांदीवर बसूनच निघते. मागचे पाय पुढच्यांहून लांब, सगळा जोर तिथे. आडवी झेप चार मीटरांच्या पुढे जाते, खाली उतरताना दहा-अकरा मीटरही. शेपटी फांदीला धरत नाही, तोल तेवढा सांभाळते. आईच्या पोटाला बिलगलेलं गडद रंगाचं पिल्लू अशा झेपेतही सुटत नाही. आपलं तान्हं बाळ तळहातावर टेकवलेलं बोट गच्च धरतं, ती मूठ याच घराण्याची.

हा सगळा देह झाडं गृहीत धरून घडलेला आहे. माहूरच्या डोंगरांत साग उन्हाळ्यात बोडका होतो, पण पळसाची फुलं असतात, कोवळी पालवी असते, उंबर असतो. लातूरकडे जंगल नावापुरतंच. बांधावरचा लिंब, ओढ्याकाठची बाभूळ, गावातली चिंच. दोन झाडांत चार मीटरांऐवजी अख्खं शिवार. मग झेपेसाठी घडलेला प्राणी पत्र्यांवर धडधडत उतरतो आणि तुरीच्या, हरभऱ्याच्या वावरात शिरतो. शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे, त्याचा संताप मी खोटा म्हणणार नाही. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरच्या माणसांसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. वानराला बरंचसं पाणी पाल्यातूनच मिळतं. त्याची तहान भागवायची तर झाडच उभं राहायला हवं.

शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात उपळा नावाचं गाव आहे. तिथे 32 एकर जमीन कागदोपत्री गावातल्या माकडांच्या नावावर आहे. 2022 साली त्याची बातमी झाली. वनखात्याने त्या जमिनीवर झाडंही लावली आहेत. अशी जमीन आमच्या लातूरच्या गावागावांत निघावी. तिथे वड, उंबर, लिंब आणि चिंच लावावी. आणि लावताना अंतर मोजावं ते वानराच्या झेपेने, म्हणजे वाढल्यावर एका झाडाच्या फांदीवरून दुसऱ्याच्या फांदीवर पिल्लू घेतलेल्या आईला सहज जाता येईल, एवढंच.