कोल्हापूरच्या उद्यमनगरात : इंजिन बदलताना धुराची वाट कशी निवडाल?

अंबाबाईचे दर्शन झाले, रंकाळ्यावर मुलांना भेळ खाऊ घातली, घरी न्यायला गुळाची ढेप घेतली, की कोल्हापूर पाहून झाले असे आपण समजतो. पण वाचकहो, तुमच्या दारात जुनी जीप उभी असेल आणि तिचे इंजिन बदलावे असे घरात चालले असेल, तर या गावात आणखी अर्धा दिवस काढा. जुन्या जीपला दुसरे इंजिन बसवताना सगळे लक्ष इंजिनाच्या किमतीकडे जाते. धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डचा विचार शेवटी होतो, आणि काम अडते ते नेमके तिथेच.

पुण्याहून महामार्गाने येताना पंचगंगेच्या अलीकडे पुलाची शिरोली लागते. तिथल्या औद्योगिक वसाहतीत बिडाच्या फौंड्र्या आहेत. ओळखीने परवानगी काढून एखादी आतून पाहा. मात्र पायात चप्पल नको, बूट हवेत. काळ्या वाळूचे साचे ओळीने मांडलेले असतात. आतून पोकळ वस्तू हवी असेल तर साच्यात वाळूचाच गाभा बसवतात. त्याला कारागीर कोअर म्हणतात. पूर्वी दगडी कोकवर चालणारी कुपोला भट्टी असे, आता पुष्कळ ठिकाणी विजेची भट्टी आली आहे. सुमारे १४०० अंश सेल्सिअस तापलेला रस साच्यात ओततात, तो थिजला की वाळू झाडून टाकतात. इंजिनाचे ब्लॉक, पंपांची अंगे आणि बिडाचे मॅनिफोल्ड असेच जन्माला येतात.

तिथून शहरातल्या शिवाजी उद्यमनगरात या. शेतकऱ्याचे पाण्याचे पंप आणि ऑइल इंजिने यांच्या कामावर इथले हात तयार झाले. गल्लीगल्लीत लेथ, वेल्डिंग, बोअरिंग यांची दुकाने आहेत. इथल्या मिस्त्रीपुढे तुमचा प्रश्न ठेवा. तो आधी विचारील, "गाडी कशाला वापरता?" हाच खरा प्रश्न आहे.

मॅनिफोल्ड दोन प्रकारचा असतो. एक बिडाचा, आखूड आणि जाड. चारही सिलिंडरांचा धूर तो लगेच एका तोंडाशी आणतो. दुसरा हेडर. यात प्रत्येक सिलिंडरला वेगळा पोलादी पाइप असतो आणि चारही पाइप पुढे जाऊन मिळतात. पाटाचे उदाहरण घ्या. चार सऱ्यांचे पाणी एकाच ठिकाणी आडवे येऊन आदळले तर एक दुसऱ्याला मागे रेटते. तेच लांबून, एका दिशेने येऊन मिळाले तर सुरळीत वाहते. धुराचेही तसेच. म्हणून हेडरने इंजिन मोकळा श्वास घेते, पण त्याचा खरा फायदा पेट्रोल इंजिन भरधाव फिरत असताना मिळतो. शर्यतीच्या गाडीला तो हवा. उसाच्या फडातून बैलाच्या चालीने वाट काढणाऱ्या, खताची पोती वाहणाऱ्या जीपला त्याचा उपयोग थोडा आणि जाच फार.

जाच कसला ते ऐका. हेडरचा पत्रा बहुधा दीड-दोन मिलिमीटरचा असतो. चिखलपाण्यात साधा पोलादी पाइप गंजतो. अर्धा मीटर लांबीचा पाइप ६०० अंशांनी तापला, की साडेतीन मिलिमीटरच्या आसपास वाढतो, आणि निवला की आखडतो. रोजच्या या ओढाताणीत वेल्डिंगचे सांधे तडकतात. शिवाय उघडे पाइप बॉनेटखाली जास्त उष्णता सोडतात. टर्बो असलेले डिझेल इंजिन घेणार असाल तर बिडाचाच मॅनिफोल्ड ठेवा. टर्बोचे वजन त्यालाच पेलते, आणि आखूड वाटेने आलेला गरम धूर टर्बोला नीट फिरवतो.

आता जागेचे पाहू. जुन्या विलिस पद्धतीच्या जीपमधील २.२ लिटरच्या हरिकेन पेट्रोल इंजिनात धुराचे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात. म्हणून मॅनिफोल्ड खाली, ब्लॉकच्या अंगाला बसतो. आपल्याकडे तिच्यात नेहमी बसवतात त्या डिझेल इंजिनांत धूर वरून, हेडमधून निघतो. बाजूही बदलू शकते. जुना मॅनिफोल्ड नव्या इंजिनाला चालणार नाही हे उघड आहे. पण नव्याचा धूर स्टिअरिंगच्या दांड्यावर, ब्रेकच्या किंवा डिझेलच्या नळीवर जाऊन टेकतो का, हे आधी पाहायला हवे. इंजिन विकत घेतानाच त्याचा मूळ मॅनिफोल्ड सोबत घ्या. एकच इंजिन दोन गाड्यांत आले असेल तर पुष्कळदा मॅनिफोल्डही दोन तऱ्हेचे असतात. ज्याचे तोंड तुमच्या चासीत मोकळ्या जागेकडे वळते, तो निवडा. मिस्त्रीला इंजिन आधी नुसते टेकवून, बॉनेट लावून पाहायला सांगा. रबरी माउंटिंगवर इंजिन हलते, म्हणून सभोवती दोन बोटे तरी जागा सुटली पाहिजे. मूळ मॅनिफोल्ड कोणत्याही तऱ्हेने बसतच नसेल, तेव्हाच पाइपाचा करून घ्या, तोही जाड पत्र्याचा आणि जाड फ्लँजचा.

बसवताना फ्लँज सरळपट्टी लावून तपासा. गॅस्केट नवे घाला. नट मधल्यापासून बाहेरच्या बाजूला आवळत जा आणि इंजिन एकदा तापून निवले की पुन्हा आवळा. सांध्याशी काळा डाग दिसला, थंड इंजिनातून टिकटिक ऐकू आली, तर धूर गळतो आहे असे समजा. ही बाब हसण्यावारी नेऊ नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. थंडीत ताडपत्री चारी बाजूंनी बांधून मागे मुलेबाळे झोपवली, तर डोकेदुखी, मळमळ, गुंगी येते आणि जिवावरही बेतते.

आणि हे सर्व करण्याआधी एक फेरी आर.टी.ओ. कचेरीत मारा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने गाडीत मनमानी बदल करायला मनाई आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. परवानगी मिळत नसेल तर बेत सोडा आणि जुनेच इंजिन बोअर करून घ्या. उद्यमनगरात तेही काम चांगले होते. परवानगी मिळाली, तर मिस्त्रीला इंजिनाचा भाव विचारण्याआधी विचारा, "याचा धूर कुठून काढणार?"