तीन सप्तकं, बिनवायरची

"बाबा, मी कीबोर्ड घेतेय. वायरलेस!"

"घे की. पण त्याचा भाता कुठल्या हातानं मारायचा?"

आमचे बाबा हे असे! साताऱ्याच्या घरी त्यांची पेटी आहे. माझी बोटं त्यांनीच त्या पट्ट्यांवर बसवली. मग मी मास कॉमसाठी मुंबईला आले, फ्रीलान्सिंगच्या चक्रात अडकले आणि पेटी राहिली तिकडेच. दादरच्या खोलीत ती आणणार कशी? माझी रूममेट नर्स आहे. तिची नाइट शिफ्ट, त्यामुळे मी घरी बसून लिहीत असते तेव्हा ती गाढ झोपलेली. आणि पेटीला व्हॉल्यूमचं बटण नसतं!

म्हणून बॅगेत मावणारा मिनी कीबोर्ड कंट्रोलर. गंमत म्हणजे या यंत्रात स्वतःचा आवाजच नसतो. पट्टी दाबली की ते टॅबला किंवा लॅपटॉपला फक्त निरोप धाडतं, कुठला स्वर आणि किती जोरात. या निरोपाच्या भाषेचं नाव मिडी. ती १९८३ पासून आहे, आणि ब्लूटूथवरून ती कशी बोलायची याचं स्टँडर्ड २०१५ मध्ये ठरलं. आवाज काढायचं काम अ‍ॅपचं.

मग सुरू झालं माझं रिसर्च. कोर्गचा नॅनोकी स्टुडिओ एकदम स्लिम, पण त्याच्या पट्ट्या म्हणजे चपटी बटणं. सीएमईचा एक्सकी एअर पातळ आणि तरी फुल साइज पट्ट्यांचा. बघताक्षणी प्रेमात पडावं असा, पण माझ्या बजेटबाहेर. रोज रात्री व्हिडिओ बघायचे, तुलना करायची आणि झोपायचं. तीन महिने गेले. बाबा म्हणाले, "एवढ्यात एक राग बसला असता गं."

लागलं ते. शॉपिंगलाच मी रियाज समजत होते.

दुसऱ्या दिवशी सरळ दुकानात गेले. २५ पट्ट्यांचा पीस हातात घेतला आणि पाच मिनिटांत घोळ कळला. माझा सा काळी चार. २५ पट्ट्या म्हणजे दोनच सप्तकं. तार गंधाराला कीबोर्ड संपला! पुढचा मध्यम हवा तर ऑक्टेव्हचं बटण दाबा, म्हणजे तान तिथेच तुटली. बीट्स बनवणाऱ्याला २५ भरपूर होतात, पण पेटीवर वाढलेल्या बोटांना तीन सप्तकं लागतात. शेवटी कोर्गचाच मायक्रोकी एअर घेतला, ३७ पट्ट्यांचा. दोन पेन्सिल सेल टाकले की चालू. पट्ट्या अरुंद आहेत, पहिला आठवडा बोटं एकमेकांवर चढत होती. पण बसतात हळूहळू.

पहिल्या रात्री मात्र पोपट झाला. कानात ब्लूटूथ हेडफोन, आणि स्वर दाबल्यानंतर चक्क उशिरा ऐकू येतोय! कीबोर्डचा दोष नव्हता. त्याचा निरोप चिमुकला असतो, काही मिलिसेकंदांत पोचतो. पण हेडफोनकडे अख्खा आवाज पॅक करून पाठवावा लागतो आणि तिथे सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून जास्त वेळ जातो. तेव्हा घेणार असाल तर लक्षात ठेवा, कीबोर्ड वायरलेस आणि हेडफोन वायरचा. विंडोजवर काही सॉफ्टवेअरना ब्लूटूथ मिडी दिसतच नाही. अशा वेळी यूएसबी वायर जोडता येईल असाच पीस घ्या.

आणि बाबांच्या भात्याचं उत्तरही सापडलं. पेटीत पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, आवाजाचा चढउतार भात्यावर, म्हणजे डाव्या हातावर. इथे तो प्रत्येक बोटाच्या दाबावर. डावा हात मोकळा, पण उजव्याचं काम डबल! सगळे स्वर सारख्याच जोरात आदळत होते माझे.

रविवारी दुपारी, रूममेट शेजारी घोरत असताना, चार ओळींची एक चाल रेकॉर्ड करून बाबांना पाठवली. अर्ध्या तासानं फोन आला.

"भात्याचं जमलंय. पण तिसऱ्या ओळीत गंधार घाईत सोडलास. उद्या परत पाठव."

सात वर्षांनी बाबा माझी चूक काढत होते. सोमवारी डेडलाइन होती. तरीही आधी गंधार लावला.