आडवा वारा

धाकटी लेक विमान चालवायला शिकू लागली तेव्हा घरात बोलणं व्हायचं ते खर्चाचं. व्यावसायिक परवान्यासाठी 200 तास उड्डाण लागतं आणि प्रत्येक तासाचे पैसे. त्यामुळे फोनवर माझा पहिला प्रश्न ठरलेला, "किती तास झाले?"

एका संध्याकाळी ती म्हणाली, "अब्बा, आज दोनदा न उतरता परत वर गेले. तिसऱ्यांदा उतरले."

"का? वारा किती होता?"

"16 नॉट."

तिच्या सेसना 172 च्या पुस्तकात आडव्या वाऱ्यासाठी 15 नॉटचा आकडा आहे, हे तिनंच मला सांगितलं होतं. वर धावपट्टीशी 30 अंशांनी तिरक्या वाऱ्याचा निम्माच जोर आडवा लागतो, हेही. मी लगेच हिशेब केला. "म्हणजे आडवा 8 च की. 15 चालतो, तर घाबरलीस कशाला?"

ती गप्प झाली. बोलून गेलो आणि वाईट वाटलं.

मग तिनं समजावलं. खाली येता येता वारा फिरला, 60 अंशांवर गेला, म्हणजे आडवा जवळजवळ 14. आणि 15 हा आकडा काही विमानाची शेवटची हद्द नव्हे. चाचणीत वैमानिकानं तेवढ्या वाऱ्यात विमान उतरवून दाखवलं, एवढाच त्याचा अर्थ. तो वैमानिक कसलेला, आणि ही अजून शिकणारी! विमानाची खरी हद्द येते ती सुकाणूचं पेडल पूर्ण दाबूनही नाक धावपट्टीच्या रेषेत राहत नाही तेव्हा. त्या दिवशी तिचा पाय जवळजवळ तिथवर गेला होता.

उतरायची रीत ऐकली आणि मला माझे वडील आठवले. ते तांडेल होते. खाडी ओलांडताना होडीचं तोंड समोरच्या धक्क्याकडे कधी नसायचं. ओढ जिकडून, तिकडे वळवलेलं. तरी होडी नेमकी धक्क्यालाच लागायची. लेकही तसंच नाक वाऱ्याकडे ठेवून येते. फरक एवढाच की होडी तिरकी टेकली तरी चालतं. लहान विमानाच्या चाकांना तो आडवा ताण सोसत नाही. म्हणून टेकण्याआधी नाक सरळ करायचं, वाऱ्याकडचा पंख किंचित झुकवायचा आणि त्याच बाजूचं चाक आधी टेकवायचं. चाकं टेकली म्हणून हात सोडायचा नाही, वारा पंखाखाली शिरतो.

भरतीचं पाणी जोरात असलं की वडीलही माणसांना धक्क्यावर बसवून ठेवत. लोक कुरकुरत. त्यांना कुणी भित्रा म्हटलेलं मला आठवत नाही.

आता फोन आला की आधी विचारतो, "वारा कुठून होता, बेटा?" तासांचं ती स्वतःच सांगते.