बाबांच्या डिस्क आणि कायदा

बाबा पुण्याहून इंदूरला येताना दरवेळी मराठी नाटकांच्या डीव्हीडी आणत. त्यातल्या काही आता अडकतात आणि बाजारात पुन्हा मिळत नाहीत. मग घरापुरती प्रत काढावी का? गंमत अशी, की १९५७च्या कॉपीराइट कायद्यात आम्हा संगणकवाल्यांच्या प्रोग्रामला बॅकअपची स्पष्ट मुभा आहे. नाटक-सिनेमाच्या डिस्कला तशी नाही. तिथे कलम ५२ मधला खासगी वापरासाठीचा ‘उचित व्यवहार’ एवढाच आधार. २०१२ साली कलम ६५अ आलं: डिस्कचं सांकेतिक कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, पण हेतू हक्कभंगाचा असेल तर. आईसाठी काढलेली प्रत माझ्या मते त्यात येत नाही. मावशीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, की प्रकरण बदललं. तिला म्हटलं, तूच ये, पोहे खात बघू.