माकणीचें जळ आणि सागराची लाट

धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यांत माकणी म्हणून गांव आहे. निम्न तेरणा प्रकल्पाच्या धरणामुळें या गांवापाशीं तेरणेचें पाणी दूरवर पसरलेलें दिसतें. वारा सुटला म्हणजे त्यावर आंखूड, घाईघाईच्या लाटा उठतात. वारा पडला कीं थोड्याच वेळांत जलाशय आरशासारखा होतो. वारा हें कारण, लाट हें कार्य. कारण सरलें कीं कार्यहि सरलें, हा न्याय आमच्याकडील मुलांच्या मनांत येथेंच ठसतो.

हाच न्याय मनांत धरून आम्ही देशावरील मंडळी मे महिन्यांत मुलांबाळांसह गणपतीपुळ्यास जातों. तेथें मात्र तो अपुरा पडतो. वारा पडलेला असतो, आकाश निरभ्र असतें, आणि तरीहि एखादी लांबलचक लाट संथपणें येऊन कांठावर फुटते. तिचें कारण हिंदी महासागराच्या पार दक्षिणेस घोंघावून गेलेलें वादळ असूं शकतें. एकामागून एक १६ सेकंदांनीं येणाऱ्या अशा लाटांची लांबी खोल पाण्यांत सुमारें ४०० मीटर भरते, व त्यांचा समूह दिवसाला हजार किलोमीटरांहून अधिक मजल मारतो. पाणी जागच्या जागीं घोटाळतें. पुढें जाते ती शक्ति. उथळ तळ लागतांच लाट मंदावते आणि उंचावते. खाडीच्या मुखाशीं गाळाचा उंचवटा असल्यास ती तेथेंच फुटून बंदरांत शिरणारी होडी उलटवूं शकते.

१७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली व सहाशेंहून अधिक जीव गेले. तो आषाढ होता. समुद्राचें रौद्र रूप उघड होतें. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी न लोटण्याचा कोळ्यांचा दंडक अशा उघड संकटासाठीं आहे. दुरून आलेली लाट चोरपावलांनीं येते. केरळांत तिला 'कल्लक्कडल', म्हणजे चोरटा समुद्र, असें म्हणतात. ती बहुधा पावसाळ्यापूर्वीं, आपल्या सुटीच्याच दिवसांत येते. ६ मे २०२४ रोजीं कन्याकुमारी जिल्ह्यांत वैद्यकीचे पांच विद्यार्थी लाटांत ओढले जाऊन मृत्यु पावले. लाटांचा इशारा त्यापूर्वींच दिला गेला होता.

हे इशारे देणारें 'इन्कॉइस' केंद्र १९९९ सालीं हैदराबादेस स्थापन झालें. म्हणजे सागराचा पहारा आपल्या दख्खनच्या पठारावरूनच चालतो! वादळ दूर असल्यामुळें लाट येईपर्यंत सावध होण्यास अवधि मिळतो. त्या अवधीचा उपयोग करणें आपल्या हातीं आहे. निघण्यापूर्वीं इशारा पाहावा. तीरावर घटकाभर उभें राहून लाटा न्याहाळाव्या. मोठ्या लाटा समूहानें येतात, व मधली शांतता फसवी असते. खडक जेथवर ओला दिसेल, तेथवर मुलांस जाऊं देऊं नये. तलावाकांठीं शिकलेला न्याय खोटा नाहीं. समुद्राकांठीं कारण हजारों कोस दूर असूं शकतें, एवढें त्यांस घरींच समजावून ठेवावें.