कॉलम ‘ई’

बाबांचा बायॉप्सीचा रिपोर्ट आला, त्या शुक्रवारी रात्री मी काय केलं असेल? एक्सेल उघडलं. आयटीवाला माणूस घाबरला की दुसरं काय करणार!

वय ६६, पीएसए ६.२, ग्लीसन ३+३. प्रोस्टेटचा कॅन्सर, पण ग्रंथीच्या आतच आणि संथ जातीचा. डॉक्टरांनी तीन पर्याय दिले. ऑपरेशन करून ग्रंथी काढायची, रेडिएशन घ्यायचं, किंवा सध्या नुसती नजर ठेवायची: ठरावीक काळाने पीएसए, मधूनमधून एमआरआय, पुन्हा बायॉप्सी. "घाई नाही, नीट विचार करा," म्हणाले.

माझा विचार दोन मिनिटांत झाला होता. बग सापडलाय, फिक्स करा, विषय संपला. माहीत असलेला बग कोणी तसाच सोडतं का? (ऑफिसात सर्रास सोडतो, पण ते जाऊ दे.)

मग वाचायला बसलो. ब्रिटनमधला ‘प्रोटेक्ट’ नावाचा अभ्यास सापडला. त्यात १,६४३ पुरुषांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं याच तीन पर्यायांत वाटलं होतं. १५ वर्षांनंतरचे निकाल २०२३ मध्ये आले. प्रोस्टेट कॅन्सरने दगावलेले तिन्ही गटांत साधारण ३ टक्केच! आकडा तीनदा वाचला. पण नजर ठेवलेल्या गटात कॅन्सर पसरण्याचं प्रमाण ९.४ टक्के, बाकी दोन्हींत ५ च्या आसपास. शिवाय त्या गटातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी पुढे कधीतरी ऑपरेशन किंवा रेडिएशन घेतलंच. उलट बाजूला, लघवी गळण्याचा त्रास ऑपरेशननंतर सगळ्यात जास्त. म्हणजे फुकट काहीच नाही.

शीट तयार झालं. बाबांना दाखवण्याआधी मी एक कॉलम लपवला. लैंगिक परिणामांचा. आमच्याकडे टीव्हीवर नको ती जाहिरात लागली तरी सगळे एकदम पाणी प्यायला उठतात. तिथे हे कसं बोलणार?

बाबांनी बँकेत ३४ वर्षं काढलीत, हे मी विसरलोच. चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनकडे बघत म्हणाले, "अरे, डी नंतर एकदम एफ? ई कुठे गेला?"

स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता. मी काहीतरी पुटपुटलो.

"उघड."

उघडला. त्यांनी शांतपणे वाचला. "हा तुझ्या आईचा आणि माझा कॉलम. तो आम्ही बघू. आता पुढे अजून एक घाल. ‘बैठक’."

दर गुरुवारी भजनात बाबा पेटी वाजवतात. अडीच तास, जागचे न उठता. ऑपरेशननंतर ते जमेल का, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. माझ्या अकरा कॉलमांत तो कुठेच नव्हता. त्यांना काय हवंय, हे विचारायचंच राहून गेलं होतं.

"तुला ऑपरेशन हवंय, कारण तुला झोप लागत नाहीये," ते म्हणाले. "मला लागतेय रे."

शेवटी नजर ठेवायचं ठरलं. डॉक्टरांनाही ते पटलं. ग्लीसन जास्त असता तर हे गणित वेगळं झालं असतं, त्यामुळे आमचं उत्तर कोणी कॉपी-पेस्ट करू नये.

तीन महिन्यांनी पहिला पीएसए होता. आदल्या रात्री दोन वाजता मी पाणी प्यायला उठलो आणि पुन्हा ते शीट उघडून बसलो.

आतल्या खोलीत बाबा चक्क घोरत होते.